पहिली क्लॉन्डाइक डर्बी: कुत्र्यांविना स्लेड आणि कोरडे मोजे

अमेरिकेत मुलाने किंवा मुलीने स्काउटिंगमध्ये नाव घातलं की पहिल्याच हिवाळ्यात घरी एक कागद येतो: जानेवारी किंवा फेब्रुवारीतला एक शनिवार-रविवार, क्लॉन्डाइक डर्बी, सोबत सामानाची यादी. यादीत झोपण्याची पिशवी असते, मोज्यांच्या पाच जोड्या असतात आणि शेवटी 'स्लेड' (बर्फावरून ओढायची बिनचाकी घसरगाडी) असा शब्द असतो. ज्यांचं बालपण पंख्याखाली गेलं, त्या आईबापांना यातलं काहीच नीट उलगडत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मुलांसाठी.

ऑगस्ट १८९६ मध्ये कॅनडाच्या युकॉन भागात, क्लॉन्डाइक नदीच्या एका ओढ्यात सोनं सापडलं आणि माणसांचे लोंढे उत्तरेला निघाले. वर्षभराचं अन्न बरोबर असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस सरहद्द ओलांडू देत नसत. अवजारांसकट ते ओझं जवळपास टनभर भरे आणि चिलकूट खिंडीच्या चढावर ते टप्प्याटप्प्याने, पुन्हा पुन्हा खाली येऊन, वाहावं लागे. त्या धामधुमीचा खेळ करून अमेरिकेतल्या स्काउटांनी १९४९ पासून ही डर्बी चालवली आहे. कुत्र्यांच्या जागी मुलं असतात. सहा ते आठ जणांची तुकडी सामानाने भरलेली स्लेड ओढत एका 'गावातून' दुसऱ्या गावात जाते. गावांना डॉसन, स्कॅगवे, नोम अशी नावं असतात आणि प्रत्येक गावात एक 'मेयर' उभा असतो. तो कामगिरी देतो आणि ती जशी पार पडेल तशा सोनेरी रंगवलेल्या दगडांच्या 'नगेट्स' देतो. दिवसाअखेर शर्यत होते आणि नगेट्स मोजल्या जातात.

(इंग्रजीत तुकडीला 'पेट्रोल' म्हणतात. मराठीत तसं लिहिलं तर पंपावरचं तेल आठवतं, म्हणून इथे तुकडीच.)

आधी कागद

७२ तासांपेक्षा कमी मुदतीच्या शिबिराला आरोग्यपत्रकाचे 'ए' आणि 'बी' हे दोन भाग लागतात. ते पालकच भरतात. डॉक्टरच्या तपासणीचा 'सी' भाग लांबच्या शिबिरांसाठी असतो. चाकू, कुऱ्हाड, करवत हाताळायची तर मुलाकडे 'टोटिन चिप' कार्ड हवं, आणि विस्तव पेटवायला 'फायरमन चिट' मागतात. ही दोन्ही डिसेंबरातच मिळवून ठेवा, कारण आदल्या दिवशी ती द्यायला कुणाला सवड नसते. तुम्हाला स्वतः रात्री मुक्कामाला थांबायचं असेल, तर १ सप्टेंबर २०२३ पासून नोंदणीकृत प्रौढ सभासद असणं सक्तीचं आहे. मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षणही त्यात आलं. 'फक्त बघायला आलोय' ही सबब रात्रीला चालत नाही.

दम्याचा पंप लागणाऱ्या मुलाने तो जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवायचा. थंडगार पंपातून फवारा नीट येत नाही आणि कोरड्या थंड हवेत धावल्यावर दमा उफाळतो, म्हणजे नेमका गरजेच्या वेळीच पंप दगा देतो. मुलाकडे पंप आहे हे तुकडीतल्या दोघा-तिघांना माहीत असू द्या.

कपडे: थंडीपेक्षा घामाची भीती

नवखी मुलं गारठतात ती बहुधा कपडे कमी पडल्यामुळे नव्हे. कपडे जास्त झाल्यामुळे गारठतात. सकाळी सगळं अंगावर चढवून स्लेड ओढली की अर्ध्या तासात पाठ घामाने भिजते. मग गावात वीस मिनिटं उभं राहावं लागतं आणि तोच घाम अंगातली ऊब शोषून घेतो. म्हणून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. ओढायला लागण्यापूर्वी एक थर काढून स्लेडवर टाकायचा, थांबलं की लगेच पुन्हा घालायचा. दिवसातून आठ-दहा वेळा हे करायला मुलं कंटाळतात, आणि तुकडीच्या नायकाचं खरं काम इथेच सुरू होतं.

अंगाला लागून पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकरीचा पातळ थर, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. खाली हाच क्रम, जीन्स नाही. कापूस पाणी धरून ठेवतो आणि ओला झाला की ऊब देत नाही. मराठी घरात मुलाच्या अंगात सवयीने घातला जाणारा सुती बनियन म्हणूनच घरी ठेवा, त्याने चांगल्या थरांचंही काम बिघडतं. आजीने विणलेली लोकरी माकडटोपी मात्र जरूर पाठवा. मुलगा लाजेल, पण कान, हनुवटी आणि मान एकाच वेळी झाकणारी तिच्याइतकी सोयीची वस्तू दुकानातही सहज मिळत नाही.

बुटांबद्दल एक चूक घरोघरी होते: घट्ट बुटात मोज्यांच्या दोन जाड जोड्या. पाय दाबला की रक्त बोटांपर्यंत पोचत नाही आणि जास्त मोज्यांनी पाय जास्त गार पडतो. बूट अर्धा नंबर मोठा घ्या, आत एक जाड लोकरी जोडी पुरे. दर अर्ध्या दिवसाला एक कोरडी जोडी, शिवाय फक्त झोपण्यासाठी एक वेगळी, जी दिवसा पायात जाणार नाही. हातमोजे तीन तरी: गाठी मारायला पातळ, ओढायला जाड, आणि तिसरे ओले होतील त्यांच्या बदली.

न्यू जर्सी, मेरीलँड अशा भागांत बर्फाऐवजी चिखल आणि ३-४ अंश सेल्सियसला पाऊस असं हवामान मिळणं नेहमीचं आहे. हायसं वाटून घेऊ नका. उणे दहा अंशांच्या कोरड्या बर्फात माणूस कोरडा राहतो, पावसात दुपारपर्यंत मोजे-हातमोजे भिजून चिंब झालेले असतात. अशा दिवशी सुके मोजे दुप्पट पाठवा आणि रेनकोट खरोखर पाणी अडवतो का ते घरच्या शॉवरखाली तपासा. वाऱ्याचाही हिशेब ठेवा: हवा उणे १० असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या कातडीला ती उणे २० सारखी लागते.

स्लेड बनवताना

ट्रूपकडे, म्हणजे अशा तुकड्या मिळून झालेल्या स्काउट गटाकडे, जुनी स्लेड असते. नसेल तर ऑक्टोबरपासून सुरुवात करा. सर्वांत सोपा रस्ता म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून बर्फावर घसरायच्या जुन्या स्कीजची जोडी आणणं. त्यांचे बूट अडकवायचे खटके काढून टाकायचे. प्रत्येक स्कीवर लाकडाचे तीन ठोकळे बसवून त्यांच्यावर तीन आडव्या पट्ट्या आणि पट्ट्यांवर सामान ठेवायची फळी, म्हणजे फळी बर्फापासून १५ ते २० सेंटीमीटर वर राहते. दोन स्कीजमधलं अंतर ४५ ते ५० सेंटीमीटर असावं. त्याहून अरुंद झाली तर वळणावर कलंडते, रुंद झाली तर झाडांमधल्या वाटेत अडकते. एकूण लांबी दोन मीटरच्या आसपास ठेवा. मागे ९० सेंटीमीटर उंचीचा दांडा हवा, ढकलणाऱ्यासाठी.

स्कीज मिळाल्या नाहीत तर ओक किंवा अ‍ॅशच्या १९ मिलिमीटर जाड फळ्या उभ्या लावून पुढचं टोक गोलाईत कापून घ्या. पाइनची फळी स्वस्त पडते, पण पहिल्याच दगडावर तिची कड तुटते.

सांधे खिळ्यांनी जोडू नका. खडबडीत वाटेवर स्लेड पिळवटते आणि खिळे एकेक करून निसटतात. नट-बोल्ट आणि रुंद वॉशर वापरा किंवा दोरीने घट्ट बांधा. उत्तरेकडच्या कुत्र्यांच्या स्लेडही पूर्वापार बांधूनच केलेल्या असतात, कारण बांधलेला सांधा थोडा लवतो आणि तुटत नाही. तळाकडून आलेल्या स्क्रूचं डोकं लाकडात खोल बुडलेलं हवं. मिलिमीटरभर जरी बाहेर राहिलं तरी ते दिवसभर ब्रेकसारखं बर्फात घासत राहतं, आणि मुलांना वाटतं आपणच कमी पडतोय.

वजनाचा मोह आवरा. रिकामी स्लेड १५ ते २० किलोंच्या आत असू द्या. सुताराचं काम येणाऱ्या उत्साही बापाने बनवलेली स्लेड हमखास दुप्पट भरते. दिसते सुंदर, हलत नाही.

ओढायला १० ते १२ मिलिमीटर जाडीची एक मुख्य दोरी, चारेक मीटर लांब, आणि तिच्यावर दोन्ही बाजूंना आलटून-पालटून हाताचे किंवा छातीवरून जाणारे पट्टे. पट्टा मनगटाला किंवा कंबरेला गाठ मारून कधीही बांधायचा नाही. मूल पडलं तर पट्टा एका झटक्यात सुटला पाहिजे, नाहीतर मागून येणारी भरलेली स्लेड त्याच्या पायांवर चढते. दुसरी एक दोरी स्लेडच्या मागच्या बाजूला कायम बांधलेली असू द्या. उतारावर ओढणाऱ्यांनी पुढून बाजूला व्हायचं आणि दोघांनी मागून दोरी धरून स्लेड हळूहळू सोडायची. डर्बीतल्या दुखापती उतारावर होतात, आणि त्या वेळी घाईत ही मागची दोरीच कुणाला आठवत नाही.

बर्फ नसेल त्या वर्षासाठी आसासकट दोन चाकं तयार ठेवा, यू-आकाराच्या बोल्टने दहा मिनिटांत लागतील अशी. लहान चाकं चिखलात रुततात. २५ सेंटीमीटर व्यासाची बरी.

आदल्या रात्री स्लेड उबदार गॅरेजमध्ये ठेवू नका. गरम तळ बर्फाला लागला की बर्फ वितळतं आणि लगेच गोठून तळाला चिकटतं. ती बाहेरच राहू द्या, दोन ओंडक्यांवर उचलून ठेवा, आणि तळाला साधी मेणबत्ती घासा. गावात वीस मिनिटं उभी राहिलेली स्लेडही बर्फाला धरते. तिला सरळ ओढू नका, मागच्याने दांडा डावी-उजवीकडे हलवून आधी सुटी करायची आणि मग सगळ्यांनी एका तालात जोर लावायचा. तालासाठी आपला 'हैशा' उत्तम. मराठी नसलेली मुलंही तो दोन मिनिटांत उचलतात.

स्लेडवर काय असतं

तुकडीचा झेंडा, ताडपत्री, दोन घोंगड्या, दोन मीटरच्या दोन काठ्या, तीन-चार मीटरच्या आठ दोऱ्या, प्रथमोपचार पेटी आणि त्यात निदान चार त्रिकोणी पट्ट्या, होकायंत्र, कागद आणि पेन्सिल (पेनातली शाई गोठते), एक पातेलं, काडेपेटी जलरोधक डबीत, सुक्या काटक्यांची पिशवी, छोटी करवत, दुपारचं जेवण आणि पाणी. जड वस्तू मध्यभागी आणि खाली ठेवा, सगळ्यांवर ताडपत्री टाकून ती दोरीने आवळा. कोणती वस्तू कुठे आहे ते तुकडीतल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. प्रथमोपचार पेटी शोधण्यात गेलेली दोन मिनिटं मेयर मोजत असतो.

पाण्याच्या बाटल्या उलट्या ठेवा. पाणी वरून गोठायला लागतं, त्यामुळे उलट्या बाटलीचं झाकण मोकळं राहतं. नळीने पिण्याच्या पिशव्या नकोत, नळी पहिल्या तासात गोठते.

गावांतली कामं

विस्तवाचं गाव बहुतेक ठिकाणी असतंच. जमिनीपासून ३० आणि ४५ सेंटीमीटर उंचीवर दोन सुतळ्या ताणलेल्या असतात. लाकडं खालच्या सुतळीपेक्षा उंच रचायची नाहीत आणि वरची सुतळी जाळून तोडायची. इथे तुकड्या हरतात त्या काडी पेटवल्यावर लाकडं गोळा करत बसल्यामुळे. आधी तीन ढीग हवेत: काडेपेटीच्या काडीइतक्या बारीक, पेन्सिलीइतक्या, आणि अंगठ्याइतक्या. पहिला ढीग दोन्ही मुठी भरून. सूचिपर्णी झाडांच्या खालच्या वाळलेल्या फांद्या बर्फातही सुक्या राहतात. लाकूड ओलं दिसलं तर ते चिरा, आतलं कोरडं असतं. थेट बर्फावर पेटवलेला विस्तव बर्फ वितळवत खाली बुडतो, म्हणून मनगटाएवढ्या जाड लाकडांची बैठक आधी मांडा. आणि वर मान करून पाहा: बर्फाने लदलेल्या फांदीखाली पेटवलेला विस्तव त्याच फांदीने विझतो.

पेटवण्यासाठी कापसाच्या बोळ्यात व्हॅसलिन चोळून न्या, एक बोळा चार-पाच मिनिटं जळतो. घरातला कापूर भर्रकन पेटतो हे खरं, पण काही ठिकाणी फक्त निसर्गातलंच साहित्य चालतं. आधी विचारा. रॉकेलसारखं कुठलंही द्रव इंधन ओतायला सर्वत्र बंदी आहे.

गाठींच्या गावात रीफ नॉट, क्लोव्ह हिच, बोलाइन, शीट बेंड, टॉट-लाइन हिच मागतात. शाळेत भारत स्काउट्स आणि गाइड्समध्ये असलेल्या आईबापांना यातल्या बऱ्याच बोटांना आठवतील. सराव घरच्या सोफ्यावर बसून करू नका. बाहेर, हातमोजे घालून करा, तीच खरी परीक्षा. चौकोनी बांधणीत क्लोव्ह हिचने सुरुवात, तीन वेढे, मग दोन काठ्यांच्या मधून दोन आवळवेढे, शेवटी पुन्हा क्लोव्ह हिच. वेढे कितीही घट्ट घाला, आवळवेढ्यांनीच बांधणी पक्की होते, आणि मुलं नेमके तेच ढिले सोडतात.

तळ्यावरचं बर्फ फुटून आत पडलेला माणूस बाहेर काढण्याचा देखावा असतो. नियम एकच: जवळ जायचं नाही. आधी काठी पुढे करायची, ती पुरत नसेल तर दोरी फेकायची. दोरीची वेटोळी दोन हातांत वाटून घ्या, एक फेकायची आणि दुसरी हातातून सुटू द्यायची. सगळी एकदम फेकली की गुंता होऊन अर्ध्यावर पडते. आणि खेळाबाहेर: खऱ्या तळ्यावर चालायला स्वच्छ, टणक बर्फाची निदान १० सेंटीमीटर जाडी धरतात. मोठ्यांनी मोजून सांगितल्याशिवाय पाऊल ठेवायचं नाही.

प्रथमोपचारात थंडीने गारठलेला रुग्ण ठरलेला. पहिली गोष्ट त्याच्या अंगावर नव्हे, अंगाखाली घाला, कारण जमीन सर्वांत वेगाने ऊब ओढते. ओले कपडे बदला, घोंगड्यांत गुंडाळा, बाहेरून ताडपत्री. शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल तर गोड, कोमट पेय. हातपाय चोळायचे नाहीत.

खऱ्या दिवशीही हीच नजर ठेवायची. जीभ जड होणं, ठेचकाळणं, हातातून वस्तू पडणं, विनाकारण चिडणं ही गारठ्याची लक्षणं आहेत, आणि आईबाप त्यांना 'कुरकुर' समजतात. मुलांनी जोडीदाराचा चेहरा दर अर्ध्या तासाने पाहायचा. पुस्तकात लिहिलेलं असतं की हिमदंशाच्या सुरुवातीला कातडी लाल, मग पांढरी पडते. आपल्या सावळ्या कातडीवर ते तसं दिसत नाही. राखाडी, निस्तेज, मेणासारखा डाग दिसला किंवा नाकाचा शेंडा, कानाची पाळी बधिर झाली, की गरम तळवा ठेवून उब द्यायची आणि मोठ्यांना सांगायचं.

मेयर कामाइतकेच गुण तुकडीच्या वागण्याला देतो. नायकाने सलाम करून तुकडी हजर असल्याचं सांगणं, घोषणा देणं, सर्वांत लहान मुलालाही काम वाटून देणं. दोरीबाहेर उभ्या राहून 'अरे डावीकडून गुंडाळ' असं ओरडणाऱ्या पालकांमुळे नगेट्स जातात. चहा प्यायला लांब जा.

जेवण

मुलं स्वतः शिजवतात. शाकाहारी असाल तर दोन आठवडे आधी, तुकडीचा बेत ठरतो त्या बैठकीतच सांगायचं. शुक्रवारी रात्री सांगितलं तर फक्त ब्रेड मिळतो. घरी करून नेण्याजोगं: भाजलेल्या रव्याचं उपम्याचं कोरडं मिश्रण, ज्यात उकळतं पाणी ओतून झाकलं की दहा मिनिटांत काम होतं. तूप लावलेली थालीपिठं फॉइलमध्ये गुंडाळून विस्तवाजवळ गरम करता येतात. डर्बी संक्रांतीच्या आगेमागेच येते, तेव्हा तीळ-गूळ उत्तम, पण मऊ वडी पाठवा. उणे दहाला कडक चिक्की दाताला भारी पडते. तुकडीत कुणाला शेंगदाणे किंवा तिळाची अ‍ॅलर्जी आहे का, हे मात्र आधी विचारलंच पाहिजे.

ब्यूटेनचे छोटे गॅसचे डबे शून्याखाली मंदावतात, कारण ब्यूटेन शून्याच्या आसपासच वायू व्हायचं थांबतं. प्रोपेन किंवा व्हाइट गॅसचा (स्टोव्हसाठी मिळणाऱ्या शुद्ध द्रव इंधनाचा) स्टोव्ह न्या. तो तंबूत कधीच पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

रात्र

उणे १८ अंशांसाठीची पिशवी असूनही मुलं कुडकुडतात, कारण खालची चटई पातळ असते. फोमची बंद पेशींची चटई आणि तिच्यावर हवेची, अशा दोन घाला. दोघींचे मिळून आर-मूल्य (चटई ऊब किती धरून ठेवते त्याचा आकडा) ५ च्या वर असू द्या. तंबू लावण्याआधी बर्फ पायांनी तुडवून अर्धा तास तसंच सोडा, ते घट्ट बसतं. न तुडवलेल्या बर्फात रात्री कमरेचा खड्डा पडतो. खुंट्या बर्फात टिकत नाहीत, त्याऐवजी काठीला दोरी बांधून काठी आडवी पुरा.

झोपण्यापूर्वी अंगावरचं सगळं बदलायचं, आतल्या कपड्यांसकट. कोरडे दिसणारे कपडेही दमट असतात. तुपातला लाडू खायचा, लघवीला जाऊन यायचं, घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून मोज्यात घालून पायाशी ठेवायचं. तोंड पिशवीत खुपसायचं नाही, श्वासातल्या वाफेने पहाटेपर्यंत पिशवी ओली होते. याच कारणासाठी तंबूची वरची खिडकी थोडी उघडी ठेवतात. उद्याचे कपडे आणि बुटांची आतली अस्तरं पिशवीतच पायाशी.

शर्यत

दुपारी तीनच्या सुमाराला, सगळी दमलेली असताना. चौघं ओढतात, एक मागून ढकलतो, बाकीचे ठरलेल्या ठिकाणी बदली होतात. पहिल्या पन्नास मीटरांत जीव तोडून धावणाऱ्या तुकड्या वळणावर उलटतात. वळणापूर्वी आतल्या बाजूच्या ओढणाऱ्यांनी वेग कमी करायचा, बाहेरच्यांनी लांब पावलं टाकायची, आणि मागच्याने आपलं वजन आतल्या बाजूला द्यायचं. हुकूम एकाच्याच तोंडून यावेत. त्यासाठी बहुधा मागचा योग्य, त्याला सगळे दिसतात.

रविवारी घरी आल्यावर

झोप काढण्याआधी तंबू गॅरेजमध्ये उघडून टांगा, नाहीतर आठवड्यात बुरशी धरेल. झोपण्याची पिशवी उलटी करून दोन दिवस पसरून ठेवा, दाबून भरू नका. दोऱ्या ओल्या गुंडाळायच्या नाहीत. स्लेडचे बोल्ट पुन्हा आवळा, तळ पुसून मेण लावा, आणि काय तुटलं, काय हरवलं याची यादी मुलाकडूनच लिहून घेऊन स्लेडच्या दांड्याला चिकटवून ठेवा.